आजेसासूबाईंचा सत्सुमा दिवा: भांडं जपा, वायर बदला

ताई, बाकी सगळं नंतर. आधी त्या दिव्याचा प्लग काढा आणि वायरिंग बदलेपर्यंत तो लावू नका. घरात लहान मुलं असतील तर वायर गुंडाळून दिवा उंचावर ठेवा. असं का म्हणते ते पुढे येईलच.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धरमपेठेतलं जुनं घर बिल्डरला द्यायच्या आधी सामान काढताना आजेसासूबाईंच्या खोलीतला टेबल लॅम्प सापडला. चिनी मातीचा, सव्वा फूट उंच, पोटाशी फुगीर, सायीच्या रंगाचा. अंगावर शेवंतीची फुलं, किमोनोतल्या दोन बायका आणि सोनेरी वेलबुट्टी. सोनं ठिकठिकाणी उडालेलं, अंगभर बारीक भेगांची जाळी. तळाला लाल रंगात गोलातलं अधिकचं चिन्ह आणि त्याखाली 'मेड इन जपान' अशी अक्षरं. कापडी वेष्टनाची पिळाची वायर, दोन गोल पिनांचा प्लग, फाटकी रेशमी शेड. हा अँटीक आहे का, किंमत किती, भेगा धोक्याच्या आहेत का, सोनं परत भरून घ्यावं का, रोज वापरता येईल का आणि कॅनडातल्या लेकीला तो नेता येईल का, हे तुम्हाला हवं आहे.

नागपुरात जुने दिवे आणि चिनी मातीच्या वस्तू दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. असा दिवा म्हणजे एकत्र जोडलेल्या दोन वस्तू असतात: एक रंगवलेलं भांडं आणि एक विजेचं उपकरण. दोन्हींना नियम अगदी उलटे लागतात. भांड्याला हात जितका कमी लागेल तितकं बरं. विजेच्या भागात मात्र जुनं म्हणून काहीही राखू नये. आपल्याकडे बहुतेक घरांत याच्या नेमकं उलट होतं. भांडं घासून, वर सोनेरी रंग मारून चकाचक करतात, आणि वायरीबद्दल कोणीतरी म्हणतं, "टेप मारून देतो ना, चालते अजून दहा वर्षं."

आता तुमची वस्तू काय आहे ते बघू. फोटोंवरून हे सत्सुमा पद्धतीचं निर्यातीचं काम आहे. सत्सुमा हा जपानच्या दक्षिण टोकाचा, क्यूशू बेटावरचा जुना प्रांत, म्हणजे आजचं कागोशिमा. सोळाव्या शतकाच्या शेवटी कोरियावरच्या स्वाऱ्यांतून तिथे कोरियन कुंभार आणले गेले आणि त्यांच्या हातून ही परंपरा सुरू झाली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात सत्सुमाची भांडी मांडली गेली, युरोप-अमेरिकेतून मागणी आली, आणि मग क्योतो, ओसाका, योकोहामा, कोबे इथल्या कारखान्यांतूनही त्याच धर्तीचा माल निघू लागला. गोलातलं अधिक ही सत्सुमाच्या शिमाझू घराण्याची मुद्रा. पण त्या घराण्याशी काडीचा संबंध नसलेल्या कारखान्यांनीही ती सर्रास उमटवली. त्यामुळे त्या चिन्हावरून भांडं कोणत्या धर्तीचं एवढंच समजतं. ते कुठे आणि कोणी केलं हे समजत नाही.

काळ ठरवायला त्याखालची अक्षरं जास्त कामाची. परदेशी मालावर मूळ देशाचं नाव हवं असा कायदा अमेरिकेने १८९० साली केला आणि १८९१ पासून तो लागू झाला. तेव्हा जपानी मालावर 'निप्पॉन' (जपानचं जपानी भाषेतलं नाव) लिहून येई. १९२१ पासून अमेरिकेने 'निप्पॉन' चालणार नाही, 'जपान' लिहा, असं ठरवलं. १९४५ ते १९५२ या काळात दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या जपानमधून आलेल्या बऱ्याच मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं असे. हे नियम अमेरिकेचे, पण कारखाने तेच आणि शिक्केही बहुधा तेच. तुमच्या भांड्यावर सरळ 'मेड इन जपान' आहे, म्हणजे ते बहुतेक १९२१ नंतरचं. रंगकामाचा बाज बघता मी त्याला दोन महायुद्धांच्या मधलं म्हणेन. त्या काळात आपल्या बाजारांत जपानी माल भरपूर होता: काचेच्या बांगड्या, खेळणी, कपबश्या, कापड. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी, मुंबई आणि कलकत्ता दोन्हीकडून रेल्वेने जोडलेलं. अशी फुलदाणी इथल्या एखाद्या वकिलाच्या किंवा अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यात येणं यात नवल काही नाही.

फुलदाणी हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. तुमच्या तळाच्या फोटोत मधलं भोक नीट बघा. कारखान्यातच दिव्यासाठी भोक ठेवलेलं असतं तेव्हा त्याची कड गुळगुळीत असते, बहुतेकदा आतपर्यंत ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, उतरलेलं दिसतं. तुमच्याकडे कड कोरडी आणि पांढुरकी आहे, भोवती बारीक कपऱ्या उडाल्यात. म्हणजे ही मुळात फुलदाणी. नंतर कोणीतरी तळाला भोक पाडून तिचा दिवा केला. ही चाल जगभर होती. भांडं आणि विजेचं सामान यांच्या वयात म्हणूनच दहा-वीस वर्षांचं अंतर सहज असू शकतं. घरातला विजेच्या बल्बचा दिवा १८८० च्या मागे जात नाही, एडिसनचा बल्बच १८७९ चा. कोणी तुम्हाला दीडशे वर्षांचा इलेक्ट्रिक टेबल लॅम्प म्हणून काही विकू लागला, तर ती एक तर फुलदाणी असते किंवा रॉकेलचा दिवा, वीज त्यात नंतर आलेली.

घरातल्या कोणीतरी "हे प्रिंट आहे" असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलंत. मला तसं वाटत नाही, पण तुम्ही स्वतः खात्री करून घ्या. सोनार वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा आणि दिवसाच्या उजेडात एकाच प्रकारची दोन फुलं शेजारी शेजारी तपासा. छापील चित्रात रंग बारीक ठिपक्यांनी बनलेला दिसतो किंवा दोन्ही फुलं तंतोतंत एकसारखी निघतात, आणि कागदाची दोन टोकं जुळवली तिथे सांध्याची रेघ सापडते. हाताच्या कामात पाकळीची रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती होते. जिथे कुंचला थांबला तिथे रंगाचा छोटा थेंब साचलेला असतो. तुमच्या फोटोत डाव्या बाईच्या बाहीवर पांढऱ्या रंगाचे उठावाचे ठिपके आहेत. तिसऱ्या ओळीत दोन ठिपके एकमेकांत मिसळलेत आणि पुढचा थोडा खाली सरकलाय. असं चुकणं छापाकडून होत नाही. चेहरे मात्र घाईचे आहेत: डोळा म्हणजे एक रेघ, ओठ म्हणजे एक टिंब. मेजी काळातलं, म्हणजे १८६८ ते १९१२ मधलं उत्तम सत्सुमा काम भिंगाखाली धरलं तर केसांच्या बटा वेगळ्या दिसतात. तुमचं तसं नाही. बाजारासाठी झपाट्याने केलेलं, पण सराईत हाताचं काम आहे, आणि मला ते आवडलं.

किमतीचा आकडा मी फोटोवरून देत नाही, आणि जो देईल त्याच्यावर विसंबू नका. वस्तू हातात घेऊन, वाजवून, आतून बघूनच तो सांगता येतो. इतकं नक्की सांगते की उशिराच्या काळातलं काम आणि तळाला पाडलेलं भोक, या दोन्हींमुळे संग्राहकांच्या लेखी भाव खाली येतो. विकायचा विचार नसेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून तो नाहीच, तर याने काही बिघडत नाही. उलट भोक आधीच पडलेलं असल्याने दिवा म्हणून वापरायला मन खात नाही.

भेगांवर जरा थांबते, कारण तुमची खरी भीती तीच आहे. अंगभर पसरलेली बारीक जाळी हा सत्सुमाचा दोष नाही, त्याची ती ओळख आहे. भट्टीतून निघाल्यावर भांडं थंड होताना खालची माती आणि वरचं ग्लेझ वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. ग्लेझ जास्त आकसलं की ते ताणलं जातं आणि बारीक फुटतं. सत्सुमाच्या कुंभारांना ही जाळी हवीच असे. ती फक्त वरच्या काचेच्या थरात असते, खालची माती अखंड असते.

खरी तड वेगळी दिसते आणि ती शोधायच्या तीन साध्या रीती आहेत. पहिली, डोळ्यांनी: जाळीच्या रेषा एकमेकींना भिडून छोटी छोटी घरं करतात, तड मात्र ती घरं छेदत लांबवर एकटी जाते, बहुतेकदा काठापासून किंवा तळापासून निघते. दुसरी, उजेडाने: रात्री खोलीत अंधार करून छोटी टॉर्च भांड्याच्या आत सोडा आणि बाहेरून व आतून एकाच जागी रेघ दिसते का ते पाहा. तिसरी, आवाजाने: धातूचं सगळं सामान काढल्यावर भांडं घडी केलेल्या टॉवेलवर ठेवून बोटाच्या पेराने हलकं वाजवा. सत्सुमाची माती मऊ भाजलेली असते, त्यामुळे कपासारखी खणखणीत घुमत नाही. पण अखंड भांड्याचा आवाज गोल आणि भरीव येतो. तड असली की तो बसका आणि फुटका येतो. लोणच्याची बरणी घेताना आपल्या आज्या वाजवून बघायच्या, हेच ते.

तुमच्या मानेजवळच्या फोटोबद्दल मला शंका आहे. तिथे अंगठ्याएवढ्या जागी सोनेरी रंग जाड आहे, त्याच्यात चमक कमी आहे आणि जाळी तिथे एकदम थांबते. ही जुनी दुरुस्ती दिसते: कपरा उडाला असेल, कोणीतरी भरून वर रंग मारला असेल. नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च अंधारात त्या जागेवर धरा. नंतरचे रंग आणि डिंक मूळ ग्लेझपेक्षा वेगळे चमकतात, सीमा स्पष्ट दिसते. दिसली तरी ती दुरुस्ती खरवडू नका. पक्की असेल तर राहू दे.

आता सोन्याचं. ताई, ते परत भरू नका. मूळ सोनं हे खरं सोनं आहे. ग्लेझ भाजून झाल्यावर वर लावलेलं आणि पुन्हा कमी आचेवर, साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सिअसवर, बसवलेलं. फुलांचे रंगही याच पद्धतीचे, ग्लेझच्या वर बसलेले. म्हणूनच ते घासल्याने जातात. बाजारात मिळणाऱ्या बाटलीतल्या सोनेरी रंगात सोनं नसतं, बहुधा पितळेची पूड असते. वर्षा-दोन वर्षांत ती काळपट, मग हिरवट पडते, आणि काढायला गेलं की शेजारचं खरं सोनं घेऊन निघते. नवं खरं सोनं भरायचं तर अख्खं भांडं पुन्हा भट्टीत घालावं लागेल. शंभरेक वर्षं ओल शोषलेलं, जाळी पडलेलं, जुनी दुरुस्ती असलेलं भांडं भट्टीत घालणं म्हणजे ते घालवणं. उडालेलं सोनं उडालेलंच शोभतं. कुठे उडालंय बघा: पोटाच्या दोन बाजूंना, जिथे रोज हाताने धरून दिवा सरकवला जात होता तिथे.

स्वच्छतेची रीतही याच कारणाने हळुवार हवी. आधी कोरडी धूळ मऊ ब्रशने काढा, मेकअपचा नवा ब्रश चालतो. मग कापसाचा बोळा डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून, पिळून, जेमतेम ओलसर करून थोड्या थोड्या जागेवर फिरवा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपा. तेलकट थर असेल तर पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब. सोन्यावर बोळा नुसता टेकवायचा, घासायचा नाही. भांडं पाण्यात बुडवायचं तर अजिबात नाही. तळाची कड उघडी मातीची असते आणि जाळीतूनही पाणी आत जातं. मळकं पाणी आत गेलं की ग्लेझखाली तपकिरी डाग उमटतो आणि तो बाहेर काढणं फार अवघड. नळाचं किंवा बोअरचं जड पाणी तर नकोच, त्यातला क्षार जाळीत बसतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, भांड्याची पावडर, ब्लीच, काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही त्याच्या जवळ आणू नका. आम्ल रंगांना खातं, पावडर सोन्याला. त्या काळच्या वरच्या रंगांत शिसं असतं, म्हणून खरवडणं तुमच्या तब्येतीलाही बरं नाही.

काही तुकडा सुटलाच तर फेव्हिक्विक किंवा एम-सील लावू नका. पहिलं क्षणात धरतं आणि केसभर सरकलेला सांधा तसाच कायमचा बसतो. दुसरं दगड होतं आणि काढताना माती सोबत आणतं. तुकडा मऊ कागदात गुंडाळून नाव लिहून ठेवा. संग्रहालयातले लोक अशा मऊ मातीच्या भांड्यांना पॅरालॉइड बी-७२ नावाचं ॲक्रिलिक राळेचं चिकटण वापरतात. ते पिवळं पडत नाही आणि ॲसिटोनने पुन्हा सोडवता येतं. मोठं काम असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्राला विचारा.

आता विजेचा भाग, आणि इथे माझा सूर बदलतो. ती वायर कापून टाका. आजेसासूबाईंनी तिला हात लावला होता हे मला समजतं. आठवण म्हणून वीतभर तुकडा डब्यात ठेवा, पण त्यातून वीज जाऊ देऊ नका. त्या सुती विणीच्या आत रबराचं आवरण आहे. रबर हवेने आणि उन्हाळ्याने कडक होतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत ते किती लवकर होत असेल ते तुम्हाला सांगायला नको. बाहेरून वीण शाबूत दिसते. प्लग काढलेला असताना होल्डरजवळ ती वायर एकदा वाकवून बघा. आतून काळी पूड गळेल. त्या पुडीच्या जागी आता नुसतं तांबं आहे, आणि ते तांबं भांड्यातून जाणाऱ्या धातूच्या नळीला टेकून आहे. नळीला वरची पितळी टोपी जोडलेली, टोपीला होल्डर, होल्डरला शेडची रिंग. दोन पिनांच्या प्लगला अर्थिंग नाही. ओल्या हाताने शेड सरळ करायला गेलात की झटका. म्हणूनच सुरुवातीला प्लग काढा म्हटलं.

नवं काम करताना वायरमनला या गोष्टी नीट सांगा. वायर तीन कोरची, ०.७५ चौरस मिलिमीटरची, आयएसआय मार्कची. तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. अर्थची वायर नळीला स्क्रूने घट्ट जोडलेली असली पाहिजे, नुसती गुंडाळलेली चालणार नाही. सहा अँपिअरचा तीन पिनांचा टॉप. वायरीवर स्विच बसवत असाल तर तो फेजवर. ज्या सॉकेटला दिवा लावणार तिथे फेज आणि न्यूट्रल बरोबर बाजूला आहेत का, अर्थिंग खरंच पोचतं का, हेही त्याच वेळी तपासून घ्या. जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं आणि मागे वायरच नसते. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, असला तर फार उत्तम. वायर तळातून बाहेर येते तिथे रबरी बुश हवाच, नाहीतर भोकाची खरखरीत कड काही महिन्यांत आवरण कापते. होल्डरच्या आत वायरीला गाठ किंवा पकड हवी, म्हणजे कोणी ओढली तरी ताण स्क्रूवर येत नाही. वायर बाहेर काढायला भांड्याच्या बाजूला नवं भोक पाडू द्यायचं नाही. लाकडी बैठक करून तिच्यात खाच ठेवायची. आलापल्लीकडचं सागवान आपल्या हाताशी आहे, सुताराला एवढुशी बैठक करायला वेळ लागत नाही. वजनदार बैठकीने दिवा डगमगतही नाही.

कोणी फारसं बोलत नाही ती बाब म्हणजे नट. भांडं वरच्या टोपी आणि खालच्या नटाच्या मध्ये दाबून धरलेलं असतं. चिनी माती सरळ दाब छान सोसते, ताण सोसत नाही, आणि दाब एका बाजूला पडला की त्याचा ताण होतो. त्यात पितळ उष्णतेने मातीच्या दुपटीहून जास्त फुगतं आणि आकसतं. तुमची नळी साधारण ४० सेंटिमीटर धरली, तर मेमधली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांच्यात पितळी नळी आणि भांडं यांच्या लांबीत सुमारे दीड ते दोन दशांश मिलिमीटरचा फरक पडतो. आकडा छोटा वाटेल. पण मेमध्ये पान्याने करकचून आवळलेला नट थंडीत भांड्याला आणखी दाबतो, आणि त्याला द्यायला जागाच नसते. भांडी कोणी हातही न लावता तडकतात ती अशी. उपाय सोपा: वर आणि खाली, दोन्हीकडे धातू आणि माती यांच्यामध्ये जाड बुचाचा किंवा मऊ रबराचा वायसर घालायचा, नट हाताने घट्ट झाला की थांबायचं, आणि तो सैल होऊ नये म्हणून त्याच्यावर दुसरा चेकनट लावायचा. पाना नळीवर चालला तर चालेल, भांडं धरून पिळायचं नाही.

बल्ब एलईडीच घ्या, ५ ते ७ वॅटचा, पिवळसर उजेडाचा, खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन लिहिलेलं असतं. जुना साठ वॅटचा बल्ब नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवायचा. त्यानेच तुमची शेड आतून करपली आहे. खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा जास्त असेल तर थोडे पैसे जास्त द्या. साध्या एलईडीखाली सत्सुमाचा तो विटकरी लाल मातकट दिसतो, चांगल्याखाली जिवंत होतो.

शेडचं रेशीम वाचणार नाही, पण तारेची चौकट ठेवा, ती मूळ मापाची आहे. गंज काढून, रंग देऊन, वर नवं कापड चढवा. माझी आवड विचाराल तर भंडारा-गडचिरोलीकडच्या कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड घ्या, न रंगवलेलं. त्याचा मूळचा मधाळ रंग भांड्याच्या सायीच्या रंगाला मिळतो आणि उजेड गरम पडतो. चकचकीत सॅटिन नको, ते सोन्याशी भांडतं. नव्याने चौकट करायची वेळ आलीच तर शेडची उंची भांड्याच्या उंचीच्या पाऊण पटीच्या आसपास धरा, आणि खालची कड एवढी खाली हवी की बसल्यावर होल्डर दिसू नये.

ठेवायची जागा: कूलरच्या समोर नाही. कूलरच्या हवेतले बारीक थेंब जड पाण्याचे पांढरे ठिपके सोडतात, ओल तळातून आत जाते, आणि त्याच्या थरथरीने दिवा टेबलावर हळूहळू सरकतो. पश्चिमेच्या उन्हाने भांड्याला काही होत नाही, पण कोशाचं कापड विरतं. आणि दिवाळीच्या साफसफाईत हा दिवा दुसऱ्या कोणाला उचलू देऊ नका. उचलताना एक हात तळाखाली, एक पोटाला. मानेला धरून कधीच नाही, तिथे ती जुनी दुरुस्ती आहे.

शेवटचा प्रश्न लेकीचा. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं किंवा अधिक जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरावशेष' ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू मुळात जपानची आहे म्हणून सुटका होत नाही, कायदा वय बघतो. तुमचं भांडं नेमकं या उंबरठ्यावर आहे: १९२१ ते साधारण १९४० मधलं, म्हणजे शंभरी भरलेलीही असू शकते, नसूही शकते. ते तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करून वस्तू दाखवायची, तज्ज्ञांनी ती पुरावशेष नाही असं ठरवलं तर तसं प्रमाणपत्र मिळतं. सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ इथेच आहे, चौकशी तिथून सुरू करा. तळाच्या शिक्क्याचे आणि भोकाचे स्पष्ट फोटो सोबत न्या. प्रमाणपत्राशिवाय सामानात घालून पाठवू नका, विमानतळावर अडकलं तर दिवाही जाईल आणि लेकीच्या मागे कटकट लागेल.

प्रमाणपत्र मिळालं तर न्यायच्या आधी सगळं सुटं करा: शेड, होल्डर, नळी, बैठक वेगळी, भांडं वेगळं. जोडलेला दिवा हादऱ्यात आतल्या नळीनेच फुटतो. कॅनडात वीज १२० व्होल्टची आणि होल्डर आट्यांचा असतो, आपला खटक्याचा तिथे चालत नाही. त्यामुळे इथलं वायरिंग तिकडे पाठवू नका, फक्त भांडं, टोपी आणि बैठक पाठवा. तिथल्या नियमाचं वायरिंग तिथेच करून घ्यायला सांगा. तो नटाचा आणि वायसरचा परिच्छेद तिला तसाच पाठवा. तिकडच्या थंडीत घराबाहेर आणि घराच्या आत तापमानाचा फरक आपल्यापेक्षा मोठा असतो, म्हणून पार्सल आलं की खोका उघडायच्या आधी दिवसभर खोलीत तसाच राहू दे.